गाडीला मशीन पॉलिश : पॉलिश कोणतं, पॅड कोणता? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत बऱ्याच जणांच्या घरी आता पॉलिशिंग मशीन आलं आहे. ऑनलाइन सेलमध्ये मशीन मिळतं, सोबत चार रंगांचे पॅड (मशीनला लावायच्या फोमच्या चकत्या) फुकट येतात, आणि मग फोन सुरू होतात : "भाऊ, पिवळा आधी लावू की काळा?" असेच सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरच्या गाडीवर स्वतः हात चालवणाऱ्यांसाठी हे आहे. ज्यांना काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आहे त्यांनाही समोरचा काय करतोय ते कळेल.

रबिंग, कंपाउंड, पॉलिश, वॅक्स : सगळं एकच ना?

गॅरेजमध्ये सगळ्याला "रबिंग-पॉलिश" म्हणतात, म्हणून हा गोंधळ. कंपाउंड आणि पॉलिश या दोन्हींत बारीक कण असतात, बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. कंपाउंड जास्त घासतं, पॉलिश कमी घासतं आणि चमक आणतं. दोन्ही रंगावरचा थर काढतात. वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग थर काढत नाहीत, वर बसतात. ओरखडे घालवायचं काम पहिल्या दोघांचं, झाकायचं आणि राखायचं काम दुसऱ्यांचं. बाटलीवर "क्लीनर वॅक्स" किंवा "ऑल इन वन" लिहिलं असेल तर दोन्हीचं मिश्रण आहे. घाईच्या कामाला ठीक, पण त्यातून मोठी अपेक्षा ठेवू नका.

आधी काय ठरवायचं, पॉलिश की पॅड?

पॅड. लोक नेमकं उलट करतात. बाटलीवर दिवसभर रिव्ह्यू वाचतात आणि पॅड जो मिळेल तो घेतात.

मसाला तोच असला तरी पाट्यावर वेगळा उतरतो आणि खलबत्त्यात वेगळा. मेग्वायर्सचं एम २०५ घ्या. हे फिनिशिंगसाठी, म्हणजे शेवटच्या चमकेच्या हातासाठी, बनलेलं पॉलिश. मऊ फोमवर लावलं तर काळ्या गाडीवरची धूसर झाक काढून रंग खोल दिसायला लागतो. तेच कडक कटिंग (जास्त कापणाऱ्या) फोमवर किंवा मायक्रोफायबर पॅडवर लावा, रोजच्या धुण्यापुसण्याने पडलेलं बारीक ओरखड्यांचं जाळं बऱ्यापैकी उतरवतं. बाटली बदलली नाही, काम बदललं. उलटही होतं : जोरदार कंपाउंड अगदी मऊ पॅडवर टाकलं तर ते नुसतं पसरत राहतं, कापत नाही, आणि तुम्ही म्हणता कंपाउंड डुप्लिकेट आलं.

म्हणून पहिल्या खरेदीत दोनच पॉलिश घ्या, एक मध्यम कापणारं आणि एक फिनिशिंगचं, आणि उरलेले पैसे पॅडवर घाला. सगळ्यात जोरदार कंपाउंडची बाटली पहिल्या दिवशी घरात नसलेलीच बरी. असली की हात तिच्याकडे जातो.

पॅडच्या रंगावरून कटिंग की फिनिशिंग ते ओळखता येतं का?

एका कंपनीपुरतं येतं, त्यापलीकडे नाही. रूपेस ही इटलीची कंपनी. तिच्या फोम पॅडमध्ये निळा सर्वांत खरखरीत, मग हिरवा, मग पिवळा, आणि पांढरा सर्वांत मऊ. अमेरिकेच्या लेक कंट्रीकडे पिवळा म्हणजे जोरदार कटिंग, नारिंगी त्याखालोखाल, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. म्हणजे एकाचा पिवळा शेवटच्या हाताचा आणि दुसऱ्याचा पिवळा पहिल्या हाताचा. थ्रीएमने आपल्यापुरता सोपा मार्ग काढला आहे : बाटलीचं टोपण हिरवं, पिवळं किंवा निळं, आणि कापणं त्याच क्रमाने कमी होत जातं.

मशीनसोबत फुकट आलेल्या पॅडचा रंग तर कशाचीच खूण नाही. अंगठ्याने दाबून पाहा. कडक लागला आणि लगेच उसळला तर कापणारा, बोट आत गेलं आणि सावकाश वर आला तर फिनिशिंगचा. पॅडच्या मागच्या बाजूला मार्करने "कट", "पॉलिश", "फिनिश" लिहून ठेवा आणि रंग विसरून जा.

फोम, लोकर, मायक्रोफायबर : यातलं घरच्या माणसाने काय घ्यावं?

फोम. चुकलं तरी फोम माफ करतो.

लोकरीचा पॅड, ज्याला सगळे वूल पॅड म्हणतात, रोटरी मशीनवर, म्हणजे सरळ गरगर फिरणाऱ्या मशीनवर, सर्वांत झपाट्याने कापतो. त्याच्या धाग्यांमधून हवा खेळते म्हणून पत्राही फोमच्या मानाने कमी तापतो. पण मागे धूसरपणा सोडतो आणि तो काढायला फोमचा दुसरा हात द्यावाच लागतो. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात नव्या रंगावरचे वॉटर पेपरचे (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरचे) ओरखडे काढायला तो असतो, तिथे तो शोभतोही. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या गाडीला त्याची गरज सहसा पडत नाही.

मायक्रोफायबर पॅड डीए मशीनसाठी, म्हणजे फिरता फिरता झोके घेणाऱ्या मशीनसाठी, खास. फोमपेक्षा जास्त कापतो, कारण कणांबरोबर धागेही घासत असतात. कडक रंगावर चांगला, मऊ रंगावर स्वतःचेच बारीक ओरखडे सोडतो. हा पॅड लवकर भरतो. प्रत्येक भागानंतर ब्रशने किंवा हवेच्या झोताने साफ केला नाही तर धागे चिकटून चपटे होतात आणि मग कापणं थांबतं.

पॅड केवढा घ्यायचा?

बॅकिंग प्लेटपेक्षा, म्हणजे मशीनच्या ज्या चकतीवर पॅड चिकटतो तिच्यापेक्षा, थोडा मोठा. पाच इंची प्लेट असेल तर साडेपाच ते सहा इंची पॅड. प्लेटची कडा पॅडच्या बाहेर आली तर एखाद्या वळणावर ती थेट रंगाला लागते, आणि तो ओरखडा पॉलिशने जात नाही. बोनेट, छत, दरवाजे यांना हा एक आकार पुरतो. बंपरची वळणं, आरशाची टोपी, खिडक्यांमधले खांब यांच्यासाठी तीन इंची प्लेट आणि पॅड वेगळे घ्या. डीएवर फार जाड पॅड घेऊ नका. मशीनची हालचाल जाड फोम स्वतःतच पिऊन टाकतो, रंगापर्यंत थोडीच पोचते.

डीए आणि रोटरीत फरक काय? पॅड दोघांना एकच चालतो का?

रोटरी एका अक्षावर सरळ गरगर फिरते. डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन : पॅड फिरतो आणि त्याच वेळी लहान गोल वाटेने झोके घेतो. झोक्याचा व्यास ८ मिलिमीटर, १५, २१ असा मशीनवर लिहिलेला असतो. मोठा झोका मोठ्या सपाट भागावर काम भराभर उरकतो. वळणावळणाच्या गाडीवर ८ किंवा १५ चा झोका आवरायला सोपा.

डीएवर जोर दिला की फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. मग काहीच कापत नाही, फक्त वेळ जातो. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक उभी रेघ मारा. मशीन चालताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. एका जागी थरथरताना दिसली तर जोर कमी करा किंवा पॅड सपाट धरा. नवशिक्याला यापेक्षा कामाची युक्ती दुसरी नाही.

पॅडचं म्हणाल तर रोटरीसाठी आणि डीएसाठी बनलेले वेगळे असतात. डीएचा पॅड रोटरीवर लावला तर मधला भाग तापून वेल्क्रो सुटतो.

माझ्याकडे ग्राइंडर आहे. त्याला पॅड लावून चालेल का?

नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतो. रोटरी पॉलिशर रंगावर साधारण १,००० ते १,५०० च्या आसपास चालवतात. सीताबर्डीत ग्राइंडरला बसणारे वूल पॅड सर्रास मिळतात, म्हणून लोकांना वाटतं चालत असेल. ते धातूच्या कामाचे आहेत.

गाडीवर नेमकं किती आहे, जे आपण घासतोय?

कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्यात सर्वांत वरचं क्लिअर, ज्याला पेंटर लॅकर म्हणतात, सुमारे ४० ते ५०. पॉलिशचं सगळं काम त्याच्या वरच्या काही मायक्रॉनमध्ये चालतं. काढलेलं क्लिअर परत येत नाही, आणि ऊन झेलणाराही तोच थर. फार पातळ झाला की छत आणि बोनेट पांढरे पडून पापुद्रे निघायला लागतात. नागपूरच्या उन्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर हे आणखी लवकर.

पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, मिळत असेल तर दहा ठिकाणी लावून पाहा. मात्र तो एकूण जाडी सांगतो, त्यात क्लिअर किती ते नाही. ८० च्या खाली आकडा आला तर कटिंग विसरा, फिनिशिंग पॉलिश आणि मऊ पॅड एवढ्यावर थांबा. एखाद्या दरवाज्यावर एकदम २०० च्या वर आला तर तो पुन्हा रंगवलेला आहे, आणि पाचशे-सातशे आला तर खाली पुटी आहे; सेकंडहँड घेताना "एकही पॅनल रंगवला नाही साहेब" म्हणणाऱ्या विक्रेत्यासमोर हाच गेज लावावा. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही, तिथे अंदाजानेच जपून जावं लागतं. दरवाज्यांच्या कडा आणि बॉडीवरच्या धारदार रेषा इथे रंग मुळातच पातळ असतो. त्यांवर मास्किंग टेप लावा.

मग माझ्या गाडीला पॅड-पॉलिशची कोणती जोडी लागेल हे कळणार कसं?

टेस्ट स्पॉट करून, म्हणजे आधी एका लहान जागेवर करून पाहून. दुसरा मार्ग नाही, आणि जो कोणी फोनवर फोटो पाहून जोडी सांगतो तो अंदाज सांगतोय.

गाडी धुवा. क्ले बार (रंगात रुतलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी) फिरवा. अजनी किंवा इतवारीसारख्या रेल्वेलगतच्या भागात गाडी उभी राहत असेल तर त्याआधी आयर्न रिमूव्हर मारा. रुळांवरून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुततात, रिमूव्हरने त्यांना जांभळा रंग येऊन ते ओघळतात. हे कण राहिले तर पॅडमध्ये अडकून पुढच्या सगळ्या पॅनलवर ओरखडे काढत जातात. हात सपाट फिरवून पाहा, खरखर जायला हवी.

मग बोनेटचा दीड-दोन वितींचा चौकोन टेपने आखा. मऊ पॉलिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, ही सर्वांत सौम्य जोडी आधी. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब, मशीन बंद ठेवून चौकोनभर टेकवा, सगळ्यात कमी वेगावर पसरवा, मग वेगाचा डायल ४-५ वर न्या. आडवे हात, त्यावर उभे हात, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, याहून भरभर नाही. अशा चार ते सहा फेऱ्या. पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी समसमान घेऊन कापडावर मारून पुन्हा पुसा, आणि टॉर्चखाली पाहा.

जाळं गेलं? हीच तुमची जोडी, संपूर्ण गाडीला. नाही गेलं? आता पॅड बदला, पॉलिश तेच ठेवा. तरी नाही? मग पॉलिश एक पायरी वर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. कटिंगच्या जोडीने जाळं गेलं पण धूसरपणा आला, तर त्याच चौकोनावर फिनिशिंगचा हात देऊन तो निघतो का तेही इथेच पाहून घ्या. सबंध गाडी कटिंग करून मग फिनिशिंग जमत नाही असं लक्षात येणं फार महागात पडतं.

सगळेच ओरखडे गेले पाहिजेत हा हट्ट सोडा. नव्वद टक्के गेले आणि उरलेले टॉर्च लावल्याशिवाय दिसत नसतील तर थांबा.

मला घासताना चमक दिसते, पण उन्हात नेलं की गोल गोल जाळं दिसतं. का?

ट्यूबलाइटचा उजेड पसरट असतो, त्यात सगळंच छान दिसतं. एका बिंदूतून येणारा उजेड पाहिजे : ऊन, एलईडी टॉर्च, किंवा रात्री पेट्रोल पंपावरचे दिवे. रोटरीने काम झालं असेल आणि गाडीच्या कडेने चालताना रंगात पंख्यासारखे सरकणारे पट्टे दिसत असतील तर त्यांना होलोग्राम म्हणतात. डीएवर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने ते जातात.

दुकानातून पॉलिश करून आणली तेव्हा एकही ओरखडा नव्हता. तीन-चार वेळा धुतल्यावर सगळे परत आले.

परत आले नाहीत, ते कुठे गेलेच नव्हते. काही पॉलिश आणि ग्लेझमध्ये तेल, मेण असे भरणारे घटक असतात. ओरखड्यांत बसतात, उजेड सरळ परतवतात, शाम्पूने धुऊन निघतात. विकायच्या गाडीवर हा प्रकार हमखास. म्हणूनच वर अल्कोहोलने पुसायला सांगितलं. ते भरलेलं सगळं काढून टाकतं आणि खरं काय ते दाखवतं. दुसऱ्याकडून काम करून घेत असाल तर एका पॅनलवर तुमच्यासमोर असं पुसायला सांगा. बिचकला तर समजून जा.

मे महिन्यात पॉलिश करावं का? पॉलिश लगेच वाळून भुकटी होते.

शक्यतो करू नका. नागपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, हवेत ओलावा नसतो, आणि पत्र्याला हात लावता येत नाही. आजची बहुतेक पॉलिशं पाण्याच्या आधारावर बनलेली असतात. पाणी उडालं की कण कोरडे पडतात, पॅडवर गोळे होतात आणि तेच गोळे रंग ओरबाडतात. नवतपात तर मशीन कपाटातच राहू द्या. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले.

करावंच लागलं तर पहाटे, सावलीत, पत्रा गार असताना. चौकोन निम्मा करा. वेग एक आकडा खाली. पॅडवर पाण्याचा एकच फवारा मारा, आणि ते पाणी बोअरचं नको. आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. घरच्या एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही गाळून चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. काही जण कूलर लावून त्याच्यासमोर गाडी घेतात. माणसाला बरं वाटतं, गाडीला नाही : कूलरच्या हवेबरोबर बोअरच्या पाण्याचे तुषार आणि धूळ पत्र्यावर येते, आणि तुम्ही तीच घासत बसता.

दर पॅनलनंतर हाताचा मागचा भाग लावून पाहा. कोमट ठीक, चटका नको. बंपर प्लॅस्टिकचा, तो उष्णता पसरवत नाही, म्हणून तिथे आणखी लवकर थांबा.

भुकटी नेहमीच उन्हामुळे होते का?

नाही. जास्त पॉलिश घेणं हे त्याहून मोठं कारण. पॅड पहिल्यांदा लावताना पातळ सारवून घ्या, पुढे प्रत्येक चौकोनाला तीन-चार थेंब बस. आणि पॉलिशचा प्रकारही पाहा. काहींमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. अशा पॉलिशला पुरेशा फेऱ्या द्याव्या लागतात, मध्येच थांबलात तर धूसरपणा राहतो. मेग्वायर्सच्या एम १०५ आणि एम २०५ मध्ये मात्र कण तसेच राहतात, फुटत नाहीत. तिथे थर कोरडा पडायच्या आत थांबायचं. बाटलीच्या मागे हे लिहिलेलं नसतं, कंपनीच्या माहितीपत्रकात असतं.

होंडा आणि स्कोडाला एकच जोडी चालेल का?

क्वचित. जपानी गाड्यांचं क्लिअर बऱ्याचदा मऊ, जर्मन वळणाच्या गाड्यांचं कडक, हा या धंद्यातला सर्वसाधारण अनुभव. मऊ रंगावर ओरखडे पटकन जातात, पण फिनिशिंग छळतं. पुसायच्या कापडाचीसुद्धा रेघ उमटते, आणि गाडी काळी असेल तर विचारू नका. कडक रंगावर उलट : कापायला मायक्रोफायबर पॅड लागतो, शेवटचा हात मात्र सहज बसतो. तरी नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन रंगांत फरक सापडतो. टेस्ट स्पॉटच खरा.

पांढऱ्या गाडीला कशाला एवढं?

जाळं दिसत नाही, हे बरोबर. चमक मेल्याचं दिसतं. सौम्य जोडीचा एकच हात पुरे. जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाडीवर क्लिअर नसेल तर पॅडवर गाडीचाच रंग उतरेल. घाबरू नका, पण गाडीला क्लिअर असून पॅड रंगीत झाला तर तिथल्या तिथे मशीन बंद करा.

पाण्याचे पांढरे डाग कोणत्या पॉलिशने जातील?

आधी पॉलिश नको. नागपूरच्या कितीतरी कॉलन्यांत गाडी बोअरच्या पाण्याने धुतात आणि उन्हातच वाळू देतात. जे उरतं ते बहुतांशी चुन्याचे क्षार. गार पत्र्यावर पांढरं व्हिनेगर समान पाण्यात मिसळून कापडाने मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. ताजे डाग इथेच जातात. ज्यांनी क्लिअरमध्ये खड्डा पाडला आहे, म्हणजे पुसल्यावरही गोल कडा दिसते, त्यांना मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिश. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच. सकाळी ओल्या कापडाने उचलली तर काही नाही, आठवडाभर उन्हात भाजली तर कधी कधी पॉलिशनेही पूर्ण जात नाही.

हे जाळं मुळात येतं कुठून? आमच्याकडे तर रोज गाडी पुसायला माणूस येतो.

तिथूनच येतं. एक बादली, एक फडकं, आणि पार्किंगमधल्या पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची माती पंधराव्या गाडीवर घासली जाते. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत. त्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर जी राखाडी धूळ बसते तिच्यातली राख सिलिका आणि ॲल्युमिनाची, म्हणजे काचेसारखी कडक. कोरडं फडकं मारलं की ती रंगावरून ओढली जाते. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तेवढ्याच वेळाचे पैसे मिळतात. रोज पुसणं बंद करून आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवायला सांगा. नाहीतर पॉलिश करून महिनाभरात जिथे होतात तिथेच.

नखाला अडकणारा ओरखडा जाईल का?

नाही. ताडोब्याच्या किंवा पेंचच्या वाटेवर झुडपांनी दोन्ही बाजूंना काढलेल्या रेघांपैकी बऱ्याच नखाला लागत नाहीत, त्या जातात. जी लागते तिच्या कडा पॉलिशने गोल होतात, त्यामुळे ती लांबून कमी दिसते. तळापर्यंत घासत बसाल तर आजूबाजूचं क्लिअर संपेल.

नुकताच रंगवलेला पॅनल आहे. लगेच पॉलिश करू?

क्लिअर पुरतं वाळलंय का ते पेंटरला विचारा. तो हो म्हणाला तर हलकं पॉलिश चालतं. वॅक्स, सीलंट, कोटिंग मात्र महिनाभर लांब ठेवा, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट पाहिजे. बाहेरच्या दुकानात मारलेलं क्लिअर कंपनीच्या भट्टीतल्या क्लिअरपेक्षा सहसा मऊ निघतं. त्या पॅनलसाठी वेगळा टेस्ट स्पॉट घ्या.

एका गाडीला किती पॅड लागतात? धुवायचे कसे?

मधल्या आकाराच्या गाडीला कटिंग किंवा पॉलिशिंगचे तीन-चार आणि फिनिशिंगचे दोन. एकाच पॅडवर सबंध गाडी काढणारे असतात, पण भिजून जड झालेला फोम ना नीट फिरतो ना कापतो, फक्त तापतो. एका पॅडवर एकच पॉलिश, कंपाउंडचा पॅड फिनिशिंगला कधीही नाही. प्रत्येक चौकोनानंतर मशीन हळू चालू ठेवून नरम ब्रश टेकवा.

काम झाल्यावर कोमट पाणी आणि थोडं कपड्यांचं लिक्विड, बोटांनी दाबून, पिळायचं नाही. फोमची बाजू खाली करून सावलीत वाळत घाला म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदात मुरत नाही. वाळलेले पॅड झिपच्या पिशवीत. डिकीत ठेवू नका. उन्हाळ्यात बंद गाडीत गोंद सुटतो आणि पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावर फोम एकीकडे आणि वेल्क्रो एकीकडे जातो.

नंतर वॅक्स की सिरॅमिक?

गाडी सावलीत राहते आणि तुम्हाला हौस आहे, तर वॅक्स, दर दोन-तीन महिन्यांनी. उघड्यावर राहते तर सीलंट किंवा कोटिंग, कारण साधं वॅक्स विदर्भाच्या उन्हात फार टिकत नाही. कोटिंगखाली जे असेल ते कोंडलं जातं, म्हणून त्याआधीचं पॉलिश आणि अल्कोहोलची पुसाई मन लावून करा. बाटलीवर "नाइन एच" लिहिलं म्हणून ओरखडे येणार नाहीत असं नसतं. तो आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, फडक्याचा नाही.

याच पॅडने पिवळे पडलेले हेडलाइट साफ होतील का?

होतील, तीन इंची पॅड आणि मध्यम पॉलिशने. फार पिवळे असतील तर आधी पाणी लावून वॉटर पेपर, खरखरीतपासून २००० नंबरपर्यंत. पण हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा, आणि त्याला उन्हापासून वाचवणारा कंपनीचा थर या घासण्यात निघून जातो. नवा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळा. त्यासाठी ऊन रोखणारं क्लिअर किंवा हेडलाइटचं कोटिंग त्याच दिवशी मारा, आणि तो पॅड पुन्हा रंगावर वापरू नका.